नाल्याकाठचा प्लास्टिकचा ढीग सॅटेलाइटवरून कसा शोधायचा

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या, फुकटच्या सॅटेलाइट फोटोत पिशवी दिसत नाही, बाटली दिसत नाही, दिसतो तो ढीग, आणि तोही दोन-चार गुंठ्यांवर पसरलेला असेल तरच. गुंठा म्हटलं कारण हिशोब सोपा पडतो. युरोपच्या सेंटिनेल-२ सॅटेलाइटांच्या फोटोतला एक पिक्सेल, म्हणजे फोटोचा सगळ्यात छोटा ठिपका, म्हणजे जमिनीवरचा १० बाय १० मीटरचा तुकडा, म्हणजे १०० चौरस मीटर, जवळजवळ एक गुंठाच झाला. पण हे सॅटेलाइट साधारण दर पाच दिवसांनी त्याच जागेवरून जातात, मुंबईवरून सकाळी अकराच्या सुमारास, आणि २०१५ पासूनचे फोटो कोणालाही बघता येतात. ढीग सापडतो तो ह्या परत परत येण्यामुळे.

सुरुवात ओळखीच्या जागेपासून करा. कोपर्निकस ब्राउझर ही ह्या फोटोंची वेबसाइट उघडा, मोफत अकाउंट काढा, सर्चमध्ये मुंबईतलं देवनार टाका, सेंटिनेल-२ एल२ए (हवेचा परिणाम काढून टाकलेले फोटो) निवडा आणि ढगांची मर्यादा १० टक्क्यांवर आणा. देवनारचं डम्पिंग १९२७ पासूनचं, ठाण्याच्या खाडीला लागून, २०१६ च्या जानेवारीत तिथे आग लागली तेव्हा धूर सॅटेलाइटच्या फोटोतसुद्धा दिसला होता. ट्रू कलरमध्ये, म्हणजे डोळ्याला दिसतात त्या रंगांत, ते मातकट-करडं दिसेल, मग फॉल्स कलर लावा, त्यात झाडं लाल दिसतात, म्हणजे खाडीकडची खारफुटी लालभडक आणि डम्पिंगचा भाग एकदम फिका. दहा मिनिटं नुसतं बघा. कचऱ्याचा डोंगर वरून कसा दिसतो हे डोळ्यात बसल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

मग आपला भाग. अख्खं शहर चाळत बसू नका, कचरा कुठे अडतो ते आपल्याला माहितीच असतं: नाला वळतो तिथे, पुलाच्या बाजूला, रुळांच्या कडेला, वस्तीमागच्या त्या जागेत जिथे घंटागाडी पोचत नाही. मिठी नदीचं बघायचं असेल तर पवई-विहारकडून सुरू करून माहीमच्या खाडीपर्यंत दोन्ही काठ हळूहळू बघत या आणि संशय येईल तिथे पिन टाका.

आता खरी युक्ती. जून ते सप्टेंबर ढगांमुळे जवळजवळ काहीच हाती लागत नाही, म्हणून एक फोटो मे महिन्याचा घ्या आणि एक पाऊस संपल्यावरचा, ऑक्टोबरचा. मे मध्ये रिकामा प्लॉटही उघडाबोडका आणि कचऱ्याचा ढीगही उघडाबोडका, दोन्ही सारखेच दिसतात. पण ऑक्टोबरात रिकाम्या प्लॉटवर कंबरेएवढं गवत आणि टाकळा माजलेला असतो, आणि जिथे रोज नवा कचरा पडतो तिथे काही उगवत नाही. हे मोजायला एनडीव्हीआय नावाचा हिरवळीचा लेयर आहे, त्याचं गणित इतकंच की बँड ८ (इन्फ्रारेड प्रकाश) मधून बँड ४ (लाल प्रकाश) वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेने भागायचं. हिरवी पानं लाल प्रकाश खातात आणि इन्फ्रारेड परत फेकतात, म्हणून झाडी असेल तिथे आकडा वर जातो. दोन्ही तारखांना आकडा खालीच राहिला की त्या पिनला खूण करा. जुना, बंद पडलेला ढीग मात्र ह्यात सुटतो, त्याच्यावर एरंड उगवतो.

खूण झाली म्हणजे प्लास्टिक सापडलं असं नाही. काँक्रीट, रस्ता, बांधकामाचा राडारोडा, सगळेच हिरवे होत नाहीत. शिवाय प्लास्टिकची खरी ओळख पटते १७३० नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरींच्या आसपास (हा डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड), तिथे ते प्रकाश शोषतं, आणि सेंटिनेलचे बँड आहेत १६१० आणि २१९० ला, म्हणजे नेमकी ती जागाच निसटते. म्हणून पुढची पायरी कॉम्प्युटरवरचं गूगल अर्थ प्रो, त्यात जुने फोटो तारखेप्रमाणे मागे नेता येतात आणि बारकावा खूप जास्त असतो. ढिगाच्या कडा फाटक्या असतात, गाडी येऊन वळून गेल्याची वाट दिसते, पांढरे-निळे ठिपके विखुरलेले असतात. मोठा निळा सलग चौकोन दिसला तर ती बहुतेक पावसाळ्यासाठी पत्र्यावर टाकलेली ताडपत्री, म्हणजे कुणाचं तरी घर आहे ते, लगेच सोडून द्या. पाण्यावर हिरवट थर दिसला तर जलपर्णी. आणि खाडीकाठी भरती-ओहोटीची वेळ बघा, ओहोटीला उघडा पडलेला चिखल हमखास फसवतो.

शेवटी पायी जावंच लागतं, ह्याला पर्याय नाही. आम्ही एक जागा अगदी पक्की धरली होती, दोन वर्षांच्या फोटोत तशीच, एकदाही हिरवी नाही. गेलो तर भंगाराचं गोडाऊन, बाटल्यांचे छातीएवढे गठ्ठे सुतळीने बांधून ठेवलेले आणि दोन बायका बसून झाकणं वेगळी करत होत्या. प्लास्टिक होतंच, पण कचरा नव्हता, उलट नाल्यात जाणारा माल तिथे अडला होता. अशी जागा तक्रारीत घातली तर आपण नेमक्या चुकीच्या माणसांच्या पोटावर पाय देतो, म्हणून आजूबाजूला विचारल्याशिवाय काहीही पाठवू नका, आणि कचरा वेचणाऱ्या बायकांना आधी विचारा, कुठली गाडी कधी येऊन टाकते हे त्यांना नेमकं माहीत असतं.

खात्री झाली की लोकेशन चालू ठेवून मोबाईलवर फोटो काढा, सोबत मे आणि ऑक्टोबरचे दोन स्क्रीनशॉट तारखेसकट जोडा आणि वॉर्ड ऑफिसला लेखी द्या, पोच घ्या. पिन काढू नका. ढग नसलेला पुढचा फोटो आला की तीच पिन उघडा, ढीग उचलला असेल तर त्या पिक्सेलचा रंग बदललेला दिसेल, नसेल तर तो नवा फोटो जोडून त्याच तक्रार नंबरवर परत पाठवा.