तीन कार्डं, एक लांब वही

दिवाळीत भाचा पुण्याहून आला आणि चकलीला हात लावायच्या आत त्याने बॅगेतून तीन रंगीत पत्रकं काढून माझ्यासमोर पसरली. "मावशी, यातलं कुठलं क्रेडिट कार्ड घेऊ? तिन्ही चांगली आहेत म्हणतात." म्हणतात कोण, तर मॉलच्या दारात टेबल टाकून बसलेला पोरगा.

मी सांगलीत एका हार्डवेअरच्या पेढीवर बावीस वर्षं हिशेब लिहिते. तिन्ही मालवाले "आमचाच माल चांगला" म्हणतात तेव्हा काय करायचं, ते बिजागऱ्या आणि नळाच्या तोट्या घेताना शिकलेय. माल नाही, बिल बघायचं. भाच्याला पत्रकं उलटी ठेवायला लावली आणि माझी लांब वही काढली. त्या दिवशी जे केलं ते तसंच सांगते, म्हणजे तुम्हालाही घरी करता येईल.

आधी खरा कागद शोधा. पत्रकावर कार्ड काय देतं ते असतं. काय घेतं ते बँकेच्या साइटवर अगदी तळाशी, बारीक अक्षरात, 'एमआयटीसी' नावाच्या पीडीएफमध्ये असतं. पूर्ण नाव मोस्ट इम्पॉर्टंट टर्म्स अँड कंडिशन्स. पंधरा-वीस पानं असली तरी घाबरू नका. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार अर्जासोबत एक पानी 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावंच लागतं, त्यात व्याज आणि शुल्कं लिहिलेली असतात. टेबलवाल्या पोराकडे हे पान मागा. आमच्या भाच्याने व्हॉट्सअॅपवर मागितलं, तर त्याला परत तेच रंगीत पत्रक आलं. मग आम्ही साइटवरून उतरवून घेतलं. उतरवलेल्या फाइलच्या नावात तारीख टाकून ठेवा. अटी वर्षात दोनदासुद्धा बदलतात, आणि बदलल्याचा मेल जाहिरातींच्या ढिगात पडून राहतो.

आता वही. लोक इथेच चुकतात: कार्डाशी कार्ड ताडून बघतात. कार्ड ताडायचं ते आपल्या खर्चाशी. भाच्याला बँकेचं बारा महिन्यांचं स्टेटमेंट काढायला लावलं आणि महिन्याची सरासरी लिहिली. खोलीचं भाडं १४,०००. किराणा ५,०००. ऑनलाइन खरेदी आणि जेवणाची ऑर्डर ४,०००. पेट्रोल २,५००. वीज-मोबाइल १,५००. हॉटेल, कपडे, सटरफटर २,०००. बेरीज २९,०००, वर्षाला ३,४८,०००. हा आकडा बघून त्याचे डोळे चमकले, कारण दुसऱ्या कार्डावर 'वर्षाला दोन लाख खर्च करा, फी माफ' असं लिहिलं होतं.

"थांब," म्हटलं, "आता यातलं कार्डावर काय काय चालणार ते सांग."

किराणा कोपऱ्यावरच्या वाण्याकडून येतो, त्याच्याकडे फक्त क्यूआर. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून तिथे चालतं, पण या तिन्हींपैकी एकही कार्ड रुपेचं नव्हतं. (आमच्या पेढीवर रुपे क्रेडिटचे पैसे येतात. लहान दुकानदाराला दोन हजारांपर्यंत काही कटत नाही, त्याच्या वर गेलं की कटतं, म्हणून आमचे शेठ मोठ्या बिलाला तोंड वाकडं करतात.) भाडं तर एमआयटीसीमध्ये थेट वगळलेलं: त्यावर ना कॅशबॅक, ना ते दोन लाखांत धरणार. उलट भाड्याच्या रकमेवर १ टक्का शुल्क, त्यावर १८ टक्के जीएसटी. १,६८,००० च्या भाड्यावर ते १,९८२ रुपये होतात. सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेचे नवे नियम आल्यावर बऱ्याच अॅपनी भाड्याची ही सोयच बंद केली, तेव्हा तोही मोह संपला.

उरलं काय? ऑनलाइन ४८,०००, बिलं १८,०००, पेट्रोल ३०,०००, सटरफटर २४,०००. एकूण १,२०,०००. दोन लाख कुठेच नाहीत. म्हणजे फी माफ होणार नाही, हे धरूनच पुढचा हिशेब.

पहिलं कार्ड 'लाइफटाइम फ्री', भाडं आणि पेट्रोल सोडून सगळ्यावर १ टक्का. ९०,००० वर ९०० रुपये, खर्च शून्य. दुसरं कार्ड ९९९ रुपये फीचं. फीवर जीएसटी धरून १,१७९. हा जीएसटी सगळे विसरतात. ऑनलाइनवर ५ टक्के म्हणजे २,४००, सटरफटरवर १ टक्का म्हणजे २४०, बिलांवर आणि पेट्रोलवर काही नाही. २,६४० मधून १,१७९ वजा केले की राहिले १,४६१. खरं सांगते, फुकटचं कार्ड जिंकेल असंच मला वाटत होतं. नाही जिंकलं. पण भाच्याची ऑनलाइन खरेदी महिन्याला ४,००० ऐवजी २,५०० असती तर दुसऱ्या कार्डाचे १,५०० आणि २४० मिळून १,७४०, फी जाऊन ५६१. आणि पहिल्याचे ७२०. माणूस बदलला की उत्तर बदललं. म्हणून 'सगळ्यात बेस्ट कार्ड कोणतं' असं विचारणाऱ्याला मी आधी त्याचं स्टेटमेंट मागते.

तिसरं कार्ड पॉइंटवालं. १०० रुपयांना ४ पॉइंट, ठसठशीत अक्षरात. पॉइंटची किंमत आतल्या पानावर: २५ पैसे. म्हणजे शंभराला एक रुपया, पहिल्या कार्डाइतकाच. शिवाय पॉइंट वटवायला दर वेळी ९९ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ११७. फी २,५००. विमानतळावरचा लाउंज मोफत, पण आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च झालेला असेल तरच. भाचा विमानात वर्षातून एकदा बसतो, तेही कंपनीच्या पैशाने. त्या रकान्यावर आडवी रेघ मारली.

फक्त एका ओळीवर ते कार्ड सरस होतं, आणि त्या ओळीची किंमत मी स्वतः मोजलेली आहे: परकीय चलनावरचा मार्कअप, म्हणजे परदेशी चलनातल्या खर्चावर बँक वर लावते तो आकार. मुलीने परदेशी विद्यापीठांना अर्ज केले तेव्हा सहा अर्जांची मिळून ४५० डॉलर फी भरली. माझ्या कार्डावर मार्कअप साडेतीन टक्के, जीएसटी धरून ४.१३. डॉलर ८५ रुपये धरला तर ३८,२५० वर १,५८० रुपये वर गेले. दोन टक्क्यांच्या या तिसऱ्या कार्डावर तेच ९०३ झाले असते. आणखी एक गंमत. एका साइटवर रक्कम रुपयांत दाखवत होते, मला वाटलं सुटले. पण दुकान परदेशात नोंदलेलं असेल तर रुपयांतल्या व्यवहारावरही बऱ्याच बँका १ टक्का लावतात. एमआयटीसीमध्ये त्याचं नाव डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन. वर्षातून दोनदा परदेशी जाणाऱ्याने किंवा ज्याची मुलं तिकडे शिकतात त्याने पहिला रकाना हाच करावा. भाच्याला गरज नव्हती.

मग भाच्याने विचारलं, "व्याजाचा रकाना कुठाय?"

तो मी मुद्दाम ठेवला नव्हता. पहिल्या कार्डाचा दर महिना ३.५ टक्के, दुसऱ्याचा ३.७५. वर्षाचे ४२ आणि ४५. पूर्वी राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये तीस टक्क्यांच्या वरचं व्याज अनुचित ठरवलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. तेव्हा वरून लगाम येईल ही आशा सोडा. आणि हा दर कसा लागतो ते मी माझ्याच अंगावर काढलंय.

३ जूनला फ्रिज घेतला, २४,००० चा. बिल १८ जूनला बनलं, भरायची शेवटची तारीख ८ जुलै. त्या दिवशी मी २३,००० भरले. उरलेले हजार पगार झाला की भरू, हजारावर व्याज ते कितीसं, असा विचार. १८ जुलैच्या बिलात व्याज आलं १,०४८ रुपये, त्यावर जीएसटी १८९. राहिले होते हजार, पडले १,२३७. मी कस्टमर केअरला फोन लावून चूक झालीय म्हणून भांडले. चूक नव्हती. पूर्ण रक्कम भरली नाही की बिनव्याजी मुदत मागे जाऊन रद्द होते: सगळ्या २४,००० वर ३ जूनपासून ८ जुलैपर्यंत पस्तीस दिवसांचं व्याज, आणि मग उरलेल्या हजारावर पुढचे दहा दिवस. शिवाय जुलैतली नवी खरेदीसुद्धा पहिल्या दिवसापासून व्याजावर. हे सगळं कागदावर लिहिलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं.

हा हिशेब महिना ३.७५ टक्क्यांचा. तोच साडेतीन टक्क्यांनी केला तर १,१५४ येतात. म्हणजे दरातला फरक ८३ रुपयांचा. या ८३ साठी कार्ड निवडायचं नसतं. त्याऐवजी खात्यातून 'टोटल अमाउंट ड्यू' आपोआप कापायची सूचना पहिल्याच दिवशी लावायची. फॉर्मवर दोन पर्याय असतात आणि 'मिनिमम ड्यू'वर खूण आधीच केलेली असू शकते. मिनिमम ड्यू भरला की लेट फी चुकते, व्याज नाही. दर महिन्याला पूर्ण भरणं जमणार नसेल तर तिन्ही पत्रकं रद्दीत.

उशिराचं म्हणाल तर तारखेनंतर तीन दिवस उलटल्याशिवाय लेट फी लावता येत नाही, आणि ती उरलेल्या रकमेवरच लावायची. मोठ्या बिलावर ती १,२००-१,३०० पर्यंत जाते. एटीएममधून रोख मात्र कधीच नाही: साधारण अडीच टक्के, किमान पाचशे, आणि व्याज त्याच क्षणापासून. पेट्रोल पंपावर कार्डाला लागणाऱ्या सरचार्जवर लोक तासभर वाद घालतात. तो १ टक्का परत मिळतो, त्यावरचा जीएसटी मिळत नाही. भाच्याच्या ३०,००० वर ते वर्षाला ५४ रुपये. सोडून द्या.

'नो कॉस्ट ईएमआय' सोडू नका. भाच्याने त्याच आठवड्यात ३६,००० चा फोन सहा हप्त्यांवर बघून ठेवला होता. व्याज १६ टक्के, तेवढी सूट दुकान देतं, म्हणून नो कॉस्ट. पण बँकेच्या कागदावर व्याज असतंच, इथे १,६२२ रुपये, आणि त्याचा जीएसटी २९२ तुम्ही भरता. वर प्रोसेसिंग फी १९९ अधिक जीएसटी. मिळून ५२७. शिवाय ईएमआयच्या खरेदीवर बहुतेक कार्डं कॅशबॅक देत नाहीत. ५२७ फार आहेत असं नाही, पण ते शून्यही नाहीत.

शेवटी त्याने दुसरं कार्ड घेतलं. वहीतल्या पानाचा फोटो काढला आणि पुढच्या दिवाळीला फी पडायच्या आत परत बेरीज करायची, असं फोनमध्ये लावून ठेवलं. ऑनलाइन खर्च उतरला असेल तर कार्ड बंद. बंद करणंही सोपं झालंय: बाकी शून्य असेल तर अर्जानंतर सात कामाच्या दिवसांत बँकेने बंद करायलाच हवं, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यायचे. अर्ज मेलवर करा, फोनवर नको, म्हणजे तारीख हातात राहते. बँकेने तीस दिवसांत तक्रारीचं उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला पैसे पडत नाहीत.

निघताना दारात चपला घालता घालता त्याने कबूल केलं की कॉलेजात असताना घेतलेलं एक कार्ड ड्रॉवरमध्ये पडून आहे, पिन कधी लावलाच नाही. मी त्याला परत आत बोलावलं आणि वही उघडली.