आतड्याचा आजार मंजूर, सांधेदुखी नामंजूर: दावा शेवटी असा मार्गी लागला

अडचण ही: अमेरिकी सैन्यसेवेमुळे अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याचा दाह) झाल्याचं अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाला (व्हीए) मान्य, पण गुडघेदुखीचा दावा ‘सेवाकाळात सांध्यांची नोंद नाही’ म्हणून परत. एक्स-रे आणि आरए फॅक्टर (संधिवाताची रक्ततपासणी) जोडून उपयोग झाला नाही. आतड्याच्या आजारामुळे होणाऱ्या संधिवातात दोन्ही बहुधा नॉर्मलच येतात. वैताग आला, असो.

चूक मांडणीत होती. आधी संधिवाततज्ज्ञाचं पत्र घ्या. त्यात ‘एंटरोपॅथिक आर्थ्रायटिस’ (हाच तो आतड्याच्या आजाराचा संधिवात) हे निदान हवं आणि तो कोलायटिसमुळे असण्याची शक्यता ‘किमान ५० टक्के’ असल्याचं कारणासह हवं. नुसतं ‘असू शकतं’ लिहिलेलं पत्र म्हणजे रद्दी. मग नकारपत्राच्या तारखेपासून १ वर्षाच्या आत फॉर्म २०-०९९५ (नव्या पुराव्यासह पूरक दावा) भरा, म्हणजे लाभाची मूळ तारीख टिकते. विकार ‘कोलायटिसमुळे उद्भवलेला, दुय्यम’ असा लिहा; व्हीएचा नियम ३.३१०.

व्हीएच्या तपासणीत गोनिओमीटरने कोन मोजताना जिथे दुखायला लागतं तिथेच सांगा. दातओठ खाऊन गुडघा पूर्ण वाकवलात तर कागदावर तो ठणठणीत दिसतो. हालचालीत दुखणाऱ्या गुडघ्याला नियम ४.५९ प्रमाणे किमान १० टक्के अपंगत्व मिळतं, प्रत्येक गुडघ्याला वेगळं. दुखणं उसळतं त्या दिवसांत गुडघा किती कमी वाकतो, तेही लिहून घ्यायला लावा.