सहा आठवड्यांची भिंत

बारा मीटर रुंद, चार मीटर उंच. "सहा आठवड्यांत देतो," असं मी सांगून बसलो होतो. प्रत्यक्षात भिंत पुरी झाली तेव्हा तिसरं वर्ष सरत आलं होतं. कॅनव्हास सोडून पहिल्यांदाच भिंतीकडे वळणाऱ्यांसाठी हे लिहितोय. चित्र काढणं तुम्हाला येतंच. अडलेलं चित्र पुन्हा हलवायचं कसं, ते मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं.

सुरुवातच घाईची झाली. गिलावा नवा होता, पण हाताला कोरडा लागत होता, म्हणून दहाव्या दिवशीच प्रायमर मारला. सिमेंटचा गिलावा वरून सुकला म्हणजे आतून तयार झाला असं नसतं. त्याला साधारण २८ दिवस द्यावे लागतात. तोवर त्यातल्या अल्कलीचा जोर एवढा असतो की रंगाची पकड सुटते, काही रंगद्रव्यं तर उडूनच जातात. दोन महिन्यांत डाव्या बाजूला पांढरी भुकटी दिसली, मग फुगे आले, मग पोपडे. ही भुकटी म्हणजे लोणा. पाणी भिंतीतून बाहेर येताना क्षार सोबत आणतं, स्वतः उडून जातं आणि क्षार मागे ठेवतं.

मी काय केलं? खरवडलं आणि वरून पुन्हा रंग मारला. महिनाभरात लोणा परत हजर. ओलीचं मूळ भिंतीमागच्या गळक्या नळात होतं, आणि तो दुरुस्त कोणी करायचा यावर भिंत देणाऱ्यांचं आणि माझं घोडं चार महिने अडलं. (नळ, परांची आणि उशीर झाला तर काय, या तीन गोष्टी ब्रश उचलण्याआधी कागदावर घ्या. मी घेतल्या नव्हत्या.)

आता मी भिंत अशी तपासतो: सुमारे ४५ सेंटीमीटर लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावायचा आणि किमान १६ तास तसाच ठेवायचा. आतून थेंब धरले किंवा खालचा भाग काळपट झाला, तर त्या दिवशी रंगाचा डबा उघडायचा नाही. लोणा कोरड्या ब्रशनेच झाडायचा. पाणी मारलं तर तेच क्षार विरघळून पुन्हा आत जातात.

त्या काळात मायकेलएंजेलोचा एक किस्सा वाचला आणि जरा धीर आला. सिस्टाइन चॅपेलच्या छताचं काम १५०८ मध्ये सुरू झालं, आणि सुरुवातीच्याच एका चित्रावर बुरशी चढली. तो काम सोडायच्या बेतात होता, असं त्याच्या चरित्रकारांनी लिहून ठेवलंय. गिलावा जास्त ओला होता, एवढंच कारण. छत पुरं झालं १५१२ मध्ये.

नळ दुरुस्त झाला तोवर परांची उतरवून नेली होती, हातात दुसरी कामं आली होती, आणि मी त्या रस्त्याने जाणंच टाळायला लागलो होतो. अर्धवट भिंत कपाटात लपवता येत नाही. येणारे-जाणारे विचारतात, "कधी होणार?" सव्वा वर्षाने परतलो तेव्हा खरी अडचण समोर आली, आणि ती ओलीपेक्षा अवघड होती. माझा हात बदलला होता. जुने चेहरे ताठ वाटायला लागले. एक पुसून नवा काढला. तो छान उतरला, त्यामुळे शेजारचा आणखीच वाईट दिसायला लागला, मग तोही पुसला. तीन आठवडे मी झालेलं कामच पुन्हा करत होतो आणि उजवी बाजू कोरीच होती. शेवटी खडू लावलेली दोरी मारून एक रेघ आखली: हिच्या डावीकडे फक्त पोपडे निघालेल्या जागा दुरुस्त करायच्या, चित्र सुधारायचं नाही. ताठ चेहरे अजून तिथेच आहेत. मला ते खटकतात, बाकी कोणाला दिसलेले नाहीत.

रंग जुळवणं हा वेगळाच ताप. मिश्रणांची नोंद नव्हती. अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर थोडा गडद होतो, आणि जुना भाग उन्हाने उडालेला, म्हणजे दोन्हीकडून फसगत. कागदाच्या तुकड्यांवर छटा लावून, पूर्ण वाळू देऊन, मग भिंतीशी धरून पाहायच्या. तरीही सपाट जागेच्या मधोमध जोड दिल्यास तो दिसतोच. म्हणून जोड नेहमी आकाराच्या कडेवर आणा: बाहीची कड, झाडाचं खोड, छपराची रेघ. ओल्या गिलाव्यावर फ्रेस्को करणारे इटलीतले चित्रकार एका दिवसात रंगवून होईल तेवढाच गिलावा लावत. त्या तुकड्याला ते जोर्नाता म्हणत, आणि त्याचे जोडही बहुतेक वेळा आकारांच्या कडेनेच नेत. मी तेच उचललं. रोज एक तुकडा, कडेपर्यंत, रंगाचे दोन्ही हात मारून पुरा. दुसऱ्या दिवशी त्याकडे बघायचं नाही.

आराखडाही छाटला. वरच्या कोपऱ्यात चाळीस पक्षी होते, अकरा ठेवले. मूळ कागदावर ५ सेंटीमीटरचा चौकोन म्हणजे भिंतीवर १ मीटर, असं माप होतं, पण दुरुस्तीत भिंतीवरच्या जुन्या रेघा गेल्या होत्या. नव्याने जाळी आखण्याऐवजी उरलेल्या भिंतीवर वेडेवाकडे आकडे नि खुणा काढल्या, फोटो घेतला आणि फोनमध्ये त्यावर चित्र चढवलं. कुठली रेघ कुठल्या खुणेजवळून जाते ते बघत काढत गेलो. परांची समोर असताना प्रोजेक्टरपेक्षा हे कितीतरी सोपं.

शेवटचा तुकडा उतरून तीन आठवडे झाल्यावर प्लास्टिकचा चौकोन पुन्हा लावला, कोरडा निघाला, आणि मगच वरचा संरक्षक थर दिला. प्रत्येक छटेची एकेक बाटली, नंबर आणि मिश्रण लिहून, तिथल्या रखवालदारांकडे ठेवली आहे. पाच नंबरची आत्ताच अर्धी झालीय. खालच्या पट्ट्याला लोक सायकली टेकवतात.