पूजेतल्या बंदुकीचा रंग कसा सांभाळायचा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, आमच्या वाड्यात, पणजोबांपासून आलेली एक ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची, एनफील्ड बंदूक आहे. 1853 च्या पॅटर्नची, 39 इंची नळी, लॉकवर (घोड्याच्या यंत्रणेच्या पट्टीवर) मुकुट, ‘टॉवर’ ही अक्षरं आणि 1862 साल. कागदपत्रं रीतसर आहेत. तुमची नसतील तर आधी ती करा, तेलाची बाटली नंतर. दर खंडेनवमीला ती पाटावर येते: हळद-कुंकू, गंध, झेंडूचा हार. दसऱ्याला सोनं वाटून दमून आलो की ‘उद्या उचलू’ म्हणतो. मागच्या साइटपासून चार बोटं पुढे नळीवर जो तपकिरी पट्टा आहे, तो कुठल्या लढाईचा नाही, त्या ओल्या हाराचा आहे.

हात लावण्याआधी ती भरलेली नाही ना, हे बघा. ठासणीच्या बंदुका वर्षानुवर्षं भरलेल्या राहतात. लाकडी काठी नळीत तळापर्यंत सोडा, तोंडाशी पेन्सिलीची खूण करा, मग ती खूण तोंडाशी जुळवून तीच काठी नळीला बाहेरून लावून बघा. काठीचं टोक नळीच्या मागच्या टोकाच्या दोन-तीन इंच अलीकडेच संपलं, तर तिथेच थांबा आणि जाणकाराला बोलवा.

आता रंगाचं. नळीवरचा निळसर काळा थर म्हणजे मुळात काबूत आणलेला गंजच. कारागीर नळीला मुद्दाम तांबूस गंज चढवायचे, पाण्यात उकळून तो काळा करायचे, ब्रशने मोकळं झालेलं झाडायचे आणि हे पुन्हापुन्हा करायचे. म्हणूनच चिंच, लिंबू, व्हिनेगर, कोल्ड्रिंक, गंज काढायचं औषध यातलं काहीही लावू नका. आम्ल लाल गंज खातं तसा हा काळाही खातं. आमच्या आत्यांनी एकदा देवाच्या तांब्याबरोबर बंदुकीचा घोडाही चिंचेने लख्ख करून ठेवला. त्यावर भट्टीतून उतरलेले निळे-भुरे ढग होते. ते गेले ते गेलेच. आत्यांना मात्र आजही वाटतं की आधी घाण होती.

रंग गेलाय की गंज चढतोय, हे कापसाने कळतं. शिलाई मशीनच्या तेलात बुडवलेला बोळा हलक्या हाताने फिरवा. जिथे बंदूक तोलून धरतात, तोंडाशी, कड्यांच्या कडांना राखाडी गुळगुळीत धातू दिसतो आणि बोळा फारसा रंगत नाही. ती हातांची झीज आहे, तिला काही करू नका. बोळा नारिंगी झाला तर गंज जिवंत आहे. टोपी (घोडा आपटला की ठिणगी देणारी छोटी वाटी) बसवतात त्या बोंडीभोवती तो हमखास सापडतो: टोपीतल्या मसाल्याचं मीठ तिथे उरतं आणि पावसाळ्याची ओल ओढून घेतं.

त्या जागी तेल लावून रात्रभर राहू द्या. सकाळी भोकाचा पैसा घ्या, 1943 ते 47 मधला, आजीच्या डब्यात असतोच. तो कांस्याचा, पोलादापेक्षा मऊ. त्याची कड तेलात ठेवून आडवी, निजवून सरकवा. गंजाचे फुगवटे कुरकुरत सुटतात, काळा थर बहुतेक राहतो. अक्षरांवर आणि मुकुटावर पैसाही नको, नुसता बोळा. चार दिवस तेच करा. घाईत सँडपेपर घेतलात तर पाच मिनिटांत दीडशे वर्षं पुसाल.

बाजारात ब्रशने लावायचा काळा रंग मिळतो. त्याची छटा जुन्याशी जुळत नाही, आणि संग्राहक उजेडात तिरपं धरून लगेच ओळखतो.

स्वच्छ झाल्यावर तेल पुसून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा (पेट्रोलियमपासूनच्या बारीक कणांच्या मेणाचा) पातळ हात द्या, सुती फडक्याने घासा. पुढे हातमोजे घालूनच उचला, घामाचे ठसे आठवड्यात उमटतात. चामड्याच्या किंवा मखमलीच्या पेटीत ठेवू नका, ओल धरतात. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर टांगू नका.

पूजेचं म्हणाल, तर ती बंद करायची गरज नाही. आम्ही नळीवर कोरडी अक्षत वाहतो, हार पाटाच्या कडेने ठेवतो. कुंकवाचं बोट दस्त्याच्या पितळी टोकाला लावतो आणि आरती झाली की लगेच पुसतो. आत्या दरवर्षी विचारतात, ‘देवाला चालतं का रे हे?’ आणि फडकं त्याच आणून देतात.