मों-सँ-मिशेलला जाताय? आधी भरतीचं वेळापत्रक बघा, आणि या चुका टाळा

चहूबाजूंनी पाणी, मधोमध खडक, त्यावर चढत गेलेली घरं आणि सगळ्यांच्या डोक्यावर मठाचा सुळका. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरच्या मों-सँ-मिशेलचा हा फोटो बघून पॅरिसला जाणारे बरेच जण त्यासाठी एक दिवस काढतात. सकाळी निघायचं, बाराच्या सुमारास पोहोचायचं, चारला परत. मठ बघून होतो, पण फोटोतलं पाणी काही दिसत नाही. खडकाभोवती लांबच लांब करडी ओली वाळू असते. दोष नशिबाचा नाही, वेळ चुकीची निवडलेली असते.

पाणी दुपारी का दिसत नाही

ओहोटी बघून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात पायी गेलेल्या माणसाला यातलं निम्मं आधीच ठाऊक असतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे लहान भरती. फरक आहे तो आकाराचा. मुंबईत मोठ्या उधाणालाही पाणी पाच मीटरच्या आत-बाहेरच चढतं-उतरतं. या उपसागरात हाच फरक १४ मीटरच्या घरात जातो, म्हणजे चार मजली इमारतीएवढा. किनारा जवळजवळ सपाट असल्यामुळे ओहोटीला समुद्र कित्येक किलोमीटर मागे हटतो.

फ्रान्समध्ये भरतीच्या तक्त्यात वेळेशेजारी एक आकडा छापतात, २० ते १२० च्या दरम्यानचा. हा भरतीचा गुणांक. नियोजन करताना बघायचा तो हाच. तो ११० च्या वर गेला की खडकाचं खरोखर बेट होतं. इतकं, की २०१४ मध्ये खुल्या झालेल्या नव्या पुलाचं टोकही थोडा वेळ पाण्याखाली जातं. नव्वदीच्या पुढे पाणी जवळ येताना दिसतं. साठ-सत्तरच्या दिवशी फोटोची आशा सोडलेली बरी.

आता मेख अशी की या किनाऱ्यावर मोठी भरती येते ती सकाळी आणि संध्याकाळी, ढोबळमानाने सात ते दहाच्या दरम्यान. तक्त्यात भर दुपारची भरती दिसली तर ती बहुधा भांगाची असते आणि तिचं पाणी खडकापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून दुपारी येऊन दुपारीच परतणाऱ्याला समुद्र भेटण्याची शक्यता जवळपास नसते. सहलीच्या जाहिरातीत हे कोणी लिहीत नाही.

कालनिर्णय उघडून पौर्णिमेचंच बुकिंग करू नका. इथलं सर्वांत मोठं उधाण तिथीनंतर साधारण दीड-दोन दिवसांनी येतं. वर्षातल्या मोठ्या भरत्या दिवस-रात्र समान असतात त्या सुमाराच्या, म्हणजे मार्च आणि सप्टेंबरच्या आगेमागे. आपल्याकडे होळी आणि सर्वपित्री अमावास्या येते ते दिवस. मे महिन्याच्या सुट्टीतच जाणं भाग असेल तर त्या महिन्यातल्या तक्त्यात सर्वांत मोठा गुणांक शोधा आणि पॅरिसचे दिवस त्याच्या मागेपुढे सरकवा. आयफेल टॉवर काय, कोणत्याही दिवशी तिथेच असतो.

भरतीच्या किमान दोन तास आधी बेटाच्या तटावर जाऊन उभं राहायचं. किनाऱ्याकडून बघायचं असेल तर क्वेनों नदीवरच्या बंधाऱ्यावर जागा धरा. मोठ्या उधाणाला पाण्याची एक लाट नदीतून उलटी वर चढत येते, ती तिथून छान दिसते.

आणि हो, वाळू कोरडी दिसते म्हणून खाली उतरून खडकाला फेरी मारू नका. काही ठिकाणी रुतवणारी वाळू आहे. पाणी घोडदौडीच्या वेगाने येतं ही दंतकथा, पण ते समोरून येण्याऐवजी मागच्या ओहळांतून शिरतं आणि परतीची वाट आधी बंद होते. उपसागर पायी ओलांडायचा असेल तर परवानाधारक वाटाड्याबरोबरच जा. तो अनुभव मस्त आहे. अनवाणी, गुडघाभर चिखलात.

तिकिटावरची वेळ पार्किंगची नसते

मठाचं तिकीट ऑनलाइन, ठरावीक वेळेचं मिळतं. ती वेळ मठाच्या दारातली, म्हणजे अगदी वरची. गाडी लावायची जागा बेटापासून अडीच किलोमीटरवर आहे. तिथून मोफत शटल बस मिळते, पण तीही बेटाच्या थोडी अलीकडेच थांबते. मग पुलावरचा उरलेला तुकडा, मग दरवाजा, मग गल्ली, मग पायऱ्या. या सगळ्याला तासभर धरा, गर्दीच्या दिवसांत त्याहून जास्त. साडेदहाचं तिकीट असेल आणि तुम्ही सव्वादहाला गाडी लावत असाल तर गणित चुकलंय.

स्लॉट हुकलाच किंवा तिकिटं संपलीच तर? गाव, तट आणि खालचं छोटं चर्च यांना तिकीट नाही. मठात आजही एक छोटा साधुसमुदाय राहतो. त्यांची दुपारची प्रार्थना बहुतेक दिवशी असते आणि तिला बसणाऱ्याला पैसे पडत नाहीत. मात्र ती प्रार्थना आहे, फुकटात फिरायची युक्ती नव्हे. मध्येच उठून फोटो काढू नयेत.

मठ १ जानेवारी, १ मे आणि २५ डिसेंबरला बंद असतो. १ मे आपल्याकडे महाराष्ट्र दिन, तिकडे कामगार दिन. सुट्टीची सुरुवात म्हणून नेमका हाच दिवस धरणारे लोक असतात.

वर पोहोचून भराभर फिरणं

खालच्या दरवाजापासून मठापर्यंत सुमारे ३५० पायऱ्या आहेत. मुख्य गल्ली अरुंद, दोन्हीकडे दुकानं, आणि वर्षाकाठी तीसेक लाख माणसं तीतूनच जातात. आत शिरल्यावर उजवीकडच्या जिन्याने तटावर चढा. चढ तेवढाच, पण हवा येते आणि उपसागर दिसत राहतो. आई-बाबांना बरोबर नेणार असाल तर थांबत-थांबत जायचं ठरवूनच निघा. मठात चाकाच्या खुर्चीने फिरणं जमत नाही. बाळाची ढकलगाडीही खालीच सोडून या.

एवढं चढून आलेली माणसं चर्च बघतात, गच्चीवर फोटो काढतात आणि खालच्या दालनांतून बाहेरची वाट शोधत झपाझप निघतात. खरी गंमत तिथेच आहे. आव्हराँशचे बिशप ओबेर यांनी ७०८ मध्ये इथे पहिलं प्रार्थनास्थळ उभारलं, ९६६ मध्ये बेनेडिक्टाइन साधू आले, आणि अकराव्या शतकात त्यांनी थेट टोकावर मोठं चर्च बांधायला घेतलं. टोकावर तेवढी सपाट जागा कुठली? म्हणून खडकाभोवती खाली तळघरं बांधून त्यांच्या डोक्यावर चर्च टेकवलं. पुढे चर्चचा वेदीकडचा भाग, म्हणजे गायनकक्ष, १४२१ मध्ये कोसळला. नवा उभारताना खाली असे जाडजूड खांब रचले, की माणसाच्या कवेत मावणार नाहीत. त्या खांबांच्या दालनात दोन मिनिटं उभं राहा आणि वर काय आहे ते आठवा.

उत्तरेकडचा 'ला मेर्व्हेय', म्हणजे 'आश्चर्य' नावाचा भाग तर १२११ ते १२२८ एवढ्या काळात उभा राहिला. तीन मजले: तळात दानाचं दालन आणि कोठार, मध्ये पाहुण्यांचं दालन, वर साधूंची भोजनशाळा आणि बागेभोवतीचा खांबांचा सज्जा. तळातले खांब दणकट, वरचे बोटाएवढे नाजूक. पाहण्याचा मार्ग वरून खाली येत असल्यामुळे ही गोष्ट उलटी वाचावी लागते. ते मनात ठेवलं तर उलगडते. वाटेत एक प्रचंड लाकडी चाक दिसेल. राज्यक्रांतीनंतर १८६३ पर्यंत इथे तुरुंग होता. कैदी त्या चाकाच्या आत चालायचे आणि दोरावर बांधलेला माल कड्यावरून वर यायचा. एकूण दीड-दोन तास मठासाठी मोकळे ठेवा.

उरलेल्या लहानमोठ्या चुका

मोठ्या बॅगा मठात नेऊ देत नाहीत. बेटावरच्या हॉटेलात मुक्काम असेल तरी चाकाची सुटकेस दगडी पायऱ्यांवर हातानेच उचलावी लागते. एका रात्रीपुरती पाठपिशवी भरा.

बेटावरचं प्रसिद्ध आमलेट खायचं की नाही हा खिशाचा प्रश्न आहे. फेसाळ, मऊ, चुलीवरचं. पण किंमत आधी बघा. शाकाहारी माणसाला कुट्टूच्या पिठाचा गालेत, म्हणजे तिकडचं धिरडं, बरा पडतो. मात्र नेहमीच्या गालेतात डुकराचं मांस असतं, म्हणून 'साँ जाँबों' म्हणजे 'हॅमशिवाय' असं मागायचं. अंडंही खात नसाल तर तेही सांगा, कारण ते वर फोडून घालतातच. जेवणाची वेळ बारा ते दोन. तीन वाजता पोळी-भाजीचा डबाच कामाला येईल.

नकाशावर नाव टाकताना नीट बघा. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर सेंट मायकेल्स माउंट नावाचं असंच बेट आहे. मध्ययुगात ते याच मठाच्या ताब्यात होतं, त्यामुळे नाव सारखं आणि रूपही सारखं.

रेल्वेने जाणाऱ्यांनी पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकावरून रेन शहरापर्यंतची वेगवान गाडी धरायची. तिला दीड तासाच्या आसपास लागतो. पुढे बसने सव्वाएक तास. दुसरा रस्ता पोंतोर्सों स्थानकावरून, तिथून बेट नऊ किलोमीटर. पार्किंगची शटल रात्री उशिरापर्यंत धावते, पण रेन-पोंतोर्सोंच्या बसचं तसं नाही. संध्याकाळची भरती बघून परत जाऊ म्हणणाऱ्यांनी शेवटच्या बसची वेळ आधी तपासावी. ती भरतीच्या आधीच सुटत असेल तर बंधाऱ्याजवळच्या हॉटेलात एक खोली घ्या, आणि रेनचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं काढा.