गेमिंग स्टीअरिंग व्हील आणि पेडल घेताय? आधी या चुका टाळा

स्टीअरिंग व्हील घ्यायचं ठरलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, बजेट एवढं एवढं आहे, कुठलं घेऊ? मी उलट विचारतो, बसणार कुठे, व्हील लावणार कशाला, आणि ब्रेक कसला आहे ते बघितलंत का? कारण बॉक्सवर मोठा फोटो व्हीलचा असतो आणि पैसे पण तिथेच जातात, पण लॅप टाइम कमी होतो तो ब्रेकमुळे, आणि ब्रेक नीट दाबायचा तर टेबल खुर्ची पेडल यातलं काहीच हललं नाही पाहिजे. एवढा क्रम डोक्यात बसला तरी निम्म्या चुका टळतात.

व्हायब्रेशनला फोर्स फीडबॅक समजू नका

सगळ्यात जास्त पैसे इथे पाण्यात जातात. ऑनलाइन स्वस्तात एक सेट दिसतो, व्हील आहे, पेडल आहेत, गिअर पण आहे, वर लिहिलंय ड्युअल मोटर व्हायब्रेशन, आणि घेणाऱ्याला वाटतं झालं काम. तसं नसतं. व्हायब्रेशनवालं व्हील खिशातल्या मोबाईलसारखं थरथरतं, बास. फोर्स फीडबॅकमध्ये आतली मोटर व्हील खरोखर फिरवते, म्हणजे पुढच्या टायरची ग्रिप सुटायला लागली की व्हील हातात हलकं होतं, गाडीचं मागचं टोक सुटलं की व्हील स्वतःच उलट्या बाजूला जायला लागतं आणि तिथेच हाताला कळतं की आता काउंटर स्टीअर मारायचंय, म्हणजे मागचं टोक ज्या बाजूला सुटलं त्याच बाजूला व्हील वळवायचंय. पीएक्सएनच्या व्ही९ चंच उदाहरण बघा, ९०० डिग्री फिरतं, क्लच आहे, शिफ्टर आहे, पण फोर्स फीडबॅक नाही. घरातल्या लहान मुलाला गंमत म्हणून द्यायचं असेल तर घ्या, पण असेटो कोर्सासारखा रेसिंग सिम्युलेटर शिकायचा असेल तर त्यात पैसे घालू नका, त्यापेक्षा थोडं थांबा आणि पैसे जमवा.

खऱ्या फोर्स फीडबॅकमध्ये ढोबळ तीन प्रकार. लॉजिटेकची जी२९, जी९२०, जी९२३ ही गिअरवाली, ताकद साधारण २ न्यूटन मीटरच्या (मोटर व्हील किती जोरात फिरवते त्याचं माप) आसपास, टिकाऊ, पण कर्बवर, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर, गाडी गेली की खडखड आवाज येतो, आणि रात्री अकरानंतर फ्लॅटमध्ये शेजारच्या खोलीत कोणी झोपलेलं असेल तर तो आवाज नक्की जाणवतो. थ्रस्टमास्टरचं टी३०० बेल्टवालं, मऊ आणि शांत. आणि मग डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे व्हील थेट मोटरच्या शाफ्टवर, मोझा आर५ ला ५.५ न्यूटन मीटर, फानाटेक सीएसएल डीडी ला ५ आणि मोठा पॉवर सप्लाय लावला तर ८. नवीन माणसाला ५ भरपूर आहे. त्याच्या वरच्या आकड्यांच्या मागे लागायच्या आधी ते पैसे पेडलमध्ये घाला असं मी अगदी कळकळीने सांगतो.

कन्सोलवाल्यांसाठी एकच वाक्य, जी२९ प्लेस्टेशनला चालतं आणि जी९२० एक्सबॉक्सला, उलट नाही, पीसीवर मात्र दोन्ही चालतात.

ब्रेककडे दुर्लक्ष

हा खरा मुद्दा. स्वस्त पेडलमध्ये ब्रेकखाली पोटेन्शिओमीटर असतो, तो फक्त पेडल किती खाली गेलं एवढंच मोजतो. आता खऱ्या गाडीत आठवा, पाय काय लक्षात ठेवतो? जोर. किती इंच दाबलं हे नाही, किती जोरात दाबलं हे. लोड सेल असलेलं पेडल हा जोर मोजतं, त्यामुळे एकाच वळणावर दर वेळी तेवढाच ब्रेक मारता येतो, आणि वळणात शिरताना ब्रेक हळूहळू सोडत जायचं ते ट्रेल ब्रेकिंग जमायला लागतं. पोटेन्शिओमीटरवर ते जमत नाही असं नाही, जमतं, पण पायाला अंदाज यायला फार वेळ लागतो.

जी२९ च्या ब्रेकमध्ये आत एक रबराचा ठोकळा आहे, त्यामुळे पेडल अर्ध्यापर्यंत सहज जातं आणि मग एकदम कडक होतं. नवीन माणूस म्हणतो ब्रेक खराब आलाय, शंभर टक्के दाबलाच जात नाही, रिटर्न करू का. खराब नाहीये तो. त्याला खरंच तेवढा जोर लावायचा असतो, आणि फारच जड वाटत असेल तर गेममध्ये ब्रेक सॅच्युरेशन (किती दाबल्यावर शंभर टक्के धरायचं ती सेटिंग) किंवा सेन्सिटिव्हिटी थोडी बदला. लगेच पेडल उघडून रबर काढणारे बरेच असतात, मी म्हणेन आधी महिनाभर तसंच चालवा.

पीसीवर एक फायदा आहे जो बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, पेडलला स्वतःची यूएसबी असेल तर व्हील एका कंपनीचं आणि पेडल दुसऱ्याच कंपनीचे असं चालतं. म्हणजे आज जी२९ घ्या, वर्षभराने नुसते लोड सेलचे पेडल घ्या, व्हील तेच ठेवा. फक्त काही जुने गेम एका वेळी एकच कंट्रोलर ओळखतात तेवढं आधी बघून घ्या.

क्लच आणि एच शिफ्टर, म्हणजे हाताने टाकायचा गिअर, याबद्दल थोडक्यात. ताम्हिणीत गाडी काढणाऱ्याला गिअर हातात हवासा वाटणारच, कळतं मला, पण एफ१ आणि जीटी३ या रेसिंग गाड्यांना व्हीलमागचे पॅडलच असतात, तिथे शिफ्टर नुसता टेबलावर बसून राहतो. यूरो ट्रक सिम्युलेटर २, जुन्या गाड्या, रॅली खेळणार असाल तरच घ्या. लॉजिटेकचा शिफ्टर वेगळा विकत घ्यावा लागतो आणि तो थ्रस्टमास्टरच्या व्हीलला थेट लागत नाही.

टेबल, खुर्ची आणि फरशी

आपल्याकडे घरोघरी जे कॉम्प्युटर टेबल असतं त्याला खाली कीबोर्डचा सरकता ट्रे असतो. वरच्या फळीला क्लॅम्प लावायला जावं तर ट्रे मध्ये येतो, म्हणून लोक व्हील ट्रेलाच लावतात, आणि थोड्या दिवसात त्याच्या पट्ट्या वाकतात आणि स्क्रू भुशाच्या फळीतून उपटून येतात. ट्रे काढून टाका, चार स्क्रूचं काम आहे. काचेच्या टेबलाला तर क्लॅम्प लावूच नका. व्हील घ्यायच्या आधी फळीची जाडी मोजा, खाली लोखंडी पट्टी आडवी येतेय का बघा, आणि बसून बघा की गुडघे आपटतायत का. डायरेक्ट ड्राइव्ह घेणार असाल तर साधं टेबल विसरा, मॉनिटरसकट सगळं हलतं, त्याला स्टँड किंवा रिगच (सीट, व्हील, पेडल एकत्र बसवायची चौकट) लागते.

मग फरशी. जी२९ च्या पेडलखाली गालिच्यात रुतणारे दाते दिलेत, बाहेर काढता येतात, पण पुण्यातल्या फ्लॅटमध्ये व्हिट्रिफाइड टाइल्स, जुन्या घरात शहाबादी, तिथे त्या दात्यांचा काय उपयोग. जोरात ब्रेक मारला की पेडल पुढे पळतात आणि त्याच वेळी चाकाची खुर्ची मागे पळते, मग ब्रेक शंभर टक्के लागणार कसा? यावर उपाय स्वस्त आहे. भवानी पेठेत टिंबर मार्केटमधून १८ मिलीमीटर प्लायचा तुकडा कापून आणा, भिंतीपासून खुर्चीच्या चाकांपर्यंत पुरेल एवढा लांब, पुढचं टोक भिंतीला टेकवा, पेडल त्यावर स्क्रूने बसवा, मागच्या टोकाला खुर्चीच्या चाकांपुरती एक आडवी पट्टी ठोका म्हणजे खुर्ची मागे जाणार नाही. खाली रबरी मॅट टाका. याच्यापुढे कुठलीही महागडी ॲक्सेसरी नंतर बघू असंच मी म्हणेन, कारण एवढ्याने ब्रेकिंगमध्ये जो फरक पडतो तो लगेच कळतो. शक्य असेल तर चाकांची खुर्चीच वापरू नका, साधी चार पायांची चालेल.

व्हील आलं, जोडलं, पण नीट चालत नाहीये

फोर्स फीडबॅक १०० वर नेला तरी मजा येत नाही, सगळं एकसारखं जड लागतं: हे क्लिपिंग आहे. गेम जेवढा जोर मागतोय तेवढा मोटर देऊच शकत नाही, त्यामुळे मधला जोर आणि जास्त जोर यातला फरकच मरतो. असेटो कोर्सात पेडल्स नावाचं ॲप स्क्रीनवर लावा, त्यात फोर्स फीडबॅकची राखाडी पट्टी असते, वळणात ती सारखी लाल होत असेल तर गेन (फोर्स फीडबॅकची ताकद) कमी करा. लाल क्वचितच व्हावी एवढ्यावर ठेवा. व्हील हलकं वाटेल, पण रस्ता कळायला लागेल.

गेम सुरू केला की गाडी गिअरच घेत नाही, किंवा क्लच अर्धा दाबल्यासारखी वागते: लॉजिटेकवर व्हील जोडल्यानंतर तिन्ही पेडल एकदा पूर्ण दाबून सोडा. गॅस आणि ब्रेक एकमेकांना खातायत असं वाटलं तर लॉजिटेकच्या जी हब सॉफ्टवेअरमध्ये कंबाइंड पेडल्स (दोन्ही पेडल एकच धरणारी सेटिंग) बंद आहे का बघा, आणि सेंटरिंग स्प्रिंग (व्हील आपोआप मध्ये आणणारी सेटिंग) पण तिथेच बंद करा. रोटेशन ९०० डिग्री ठेवा आणि बाकी गेमवर सोडा, नवे सिम्युलेटर गाडीप्रमाणे ते स्वतः बदलतात. थ्रस्टमास्टर टी१५० आणि टी३०० ला पीसीवर लावताना व्हीलवरचा स्विच पीएस३ वर ठेवायचा.

ब्रेकची पट्टी पाय न लावता थरथरतेय: पोटेन्शिओमीटरमध्ये धूळ. शेजारी बांधकाम चालू असेल तर हे व्हायचंच, आणि पुण्यात कुठे ना कुठे ते चालूच असतं. तपकीर गल्लीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे मिळतो, प्लग काढून मारा, पेडल वरखाली करा, पूर्ण वाळू द्या. ग्रीस किंवा तेल मात्र मारू नका.

मध्येच व्हील ढिलं पडतं: पीसी यूपीएसवर असतो आणि व्हीलचा अडॅप्टर साध्या बोर्डवर, लाईट एक झटका देऊन गेली की पीसी चालूच राहतो पण मोटरचा जीव जातो, परत आली की व्हील कॅलिब्रेट होतं पण गेमला बऱ्याचदा परत चालू करावं लागतं. अडॅप्टर पण यूपीएसवर घ्या, अर्थात यूपीएसला तेवढा लोड झेपत असेल तर. यूएसबी सारखी सुटत असेल तर हब काढून मदरबोर्डच्या मागच्या पोर्टला थेट लावा, आणि डायरेक्ट ड्राइव्ह असेल तर घरातलं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या, जुन्या इमारतीत ते बऱ्याचदा नावालाच असतं.

सरळ रस्त्यावर हात सोडला की व्हील डावीउजवीकडे जोरात हेलकावे खातं: डायरेक्ट ड्राइव्हवर हे होतं, डँपिंग (व्हीलची हालचाल थोडी जड करणारी सेटिंग) थोडं वाढवा. आणि अपघात होताना अंगठे व्हीलच्या आरीत अडकवून ठेवायचे नाहीत, ८ न्यूटन मीटरचा झटका अंगठा मुरगळायला पुरेसा आहे. मुलांना बसवताना ताकद कमी करूनच बसवा.

जुनं घेताना

जी२९ किंवा जी२७ जुनं घ्यायला हरकत नाही, पण विकणाऱ्याच्या घरी जाऊन, चालू स्थितीत बघा, फोटोवर नाही. प्लग लावल्यावर व्हील स्वतः दोन्ही टोकांपर्यंत फिरून बरोबर मध्ये थांबलं पाहिजे. जी२७ मध्ये मोटरवरची एन्कोडरची (व्हील किती फिरलं ते मोजणारी) चकती तडकते आणि मग मध्य सरकत राहतो, हा त्याचा ठरलेला आजार आहे. विंडोजमध्ये सेट अप यूएसबी गेम कंट्रोलर्स उघडा, प्रत्येक पेडल अगदी सावकाश दाबा आणि पट्टी उड्या मारतेय का बघा, सगळे पॅडल आणि बटणं दाबून बघा, अडॅप्टर मूळचाच आहे का विचारा, आणि क्लॅम्पचे दोन्ही स्क्रू शेवटपर्यंत फिरवून घ्या कारण त्यांचे आटे गेलेले असले तर व्हील टेबलाला धरणारच नाही.