कमांड चालू, विंडो हँग: आउटपुट ओळीओळीने दाखवायचं कसं

बटण दाबलं की कमांड सुरू व्हावी आणि तिचं आउटपुट खालच्या टेक्स्ट बॉक्समध्ये येताना दिसावं, एवढंच हवं असतं. पायथन आणि टीकेइंटर (पायथनमधून विंडो, बटणं बनवायचं साधन) घेऊन बसलं की अर्ध्या तासाचं काम वाटतं. प्रत्यक्षात बटण दाबल्यावर विंडो पांढुरकी पडते, वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' झळकतं आणि कमांड संपली की सगळं आउटपुट एकदम बदाबदा कोसळतं.

यात दोन वेगळ्या भानगडी आहेत. विंडो हँग होणं ही एक, आउटपुट उशिरा येणं ही दुसरी. पहिली आपल्या स्क्रिप्टची चूक, दुसरी बहुतेकदा त्या कमांडची सवय. मी दोन्ही एकच समजून एक अख्खी संध्याकाळ थ्रेडमध्ये (एकाच प्रोग्राममध्ये बाजूने चालणाऱ्या कामाच्या धाग्यात) नसलेला दोष शोधत घालवली आहे. म्हणून आधी चाचणीसाठी चार ओळींची पायथन स्क्रिप्ट लिहून ठेवा: १ ते १० आकडे छापायचे, प्रत्येक आकड्यानंतर एक सेकंद थांबायचं. पुढची प्रत्येक पायरी हिच्यावर तपासा.

आधी हँग सोडवू

टीकेइंटरचा मेनलूप एकाच थ्रेडमध्ये फिरतो. क्लिक घेणं, विंडो पुन्हा रंगवणं, सगळं तोच करतो. बटणाच्या फंक्शनमध्ये 'सबप्रोसेस.रन' लिहिलं की कमांड संपेपर्यंत ते परतत नाही, तोवर मेनलूप खोळंबलेला. विंडोज साधारण ५ सेकंद वाट पाहून विंडोला मेलेली ठरवतं. यावर 'मध्ये मध्ये रूट.अपडेट टाका' हा सल्ला हमखास मिळतो. तो घेऊ नका. पुढची ओळ येईपर्यंत वाचन अडकलेलंच असतं, त्यामुळे अपडेटची पाळी वेळेवर येत नाही. आणि आली की वापरणारा तेच बटण दुसऱ्यांदा दाबून मोकळा होतो.

पहिली पायरी: 'रन'च्या जागी 'पोपेन'. हे कमांड सुरू करून लगेच परततं. 'एसटीडीआउट'ला (कमांडचं नेहमीचं आउटपुट) पाइप द्या, म्हणजे ते आपल्या स्क्रिप्टकडे आणणारी नळी, आणि 'एसटीडीएरर' (तिचे एरर संदेश) त्याच पाइपमध्ये वळवा. एररसाठी वेगळा पाइप ठेवून तो वाचायला विसरलात तर तो भरतो (लिनक्सवर सहसा ६४ केबीला), कमांड लिहिता लिहिता थांबते, आपण तिच्या पुढच्या ओळीची वाट पाहतो आणि दोघंही कायमचे ताटकळतात. 'एसटीडीइन'ला (कमांडचं इनपुट) 'डेव्हनल', म्हणजे रिकामं इनपुट, द्या, म्हणजे कमांडने मध्येच 'हो की नाही' विचारलं तरी ती उत्तरासाठी अडून बसणार नाही. एन्कोडिंग यूटीएफ-८ आणि एरर्सला 'रिप्लेस' ठेवा, नाहीतर एखाद्या वाकड्या अक्षरावर वाचणारा थ्रेड गुपचूप मरतो. विंडोजवर काळी कन्सोल विंडो चमकून जात असेल तर 'क्रिएट नो विंडो' हा फ्लॅग जोडा.

दुसरी पायरी: वाचायला वेगळा थ्रेड, 'डीमन' खरा (ट्रू) ठेवून, म्हणजे स्क्रिप्ट संपली की तोही संपतो. त्याने एकच काम करायचं, पाइपमधून ओळ घ्यायची आणि 'क्यू'मध्ये (दोन थ्रेडमधली रांग) टाकायची. ओळी संपल्या की शेवटी संपल्याची खूण म्हणून 'नन' टाकायचा. टेक्स्ट बॉक्सला त्याने हात लावायचा नाही. कधीकधी लावूनही चालतं, म्हणून तर हा दोष नंतर सापडत नाही.

तिसरी पायरी: मेनलूपच्या बाजूने क्यू रिकामी करणारं फंक्शन. 'गेट नोवेट'ने मिळतील तेवढ्या ओळी उचला, एकत्र जोडून एकदाच 'इन्सर्ट' करा, 'सी एंड'ने तळाशी या आणि 'रूट.आफ्टर'ने १०० मिलिसेकंदांनी स्वतःलाच पुन्हा बोलवा. इथे 'आफ्टर'ला फंक्शनचं फक्त नाव द्यायचं. नावापुढे कंस टाकलेत तर फंक्शन त्याच क्षणी चालतं, स्वतःला बोलावत राहतं आणि रिकर्शनची मर्यादा ओलांडून कोसळतं. 'नन' मिळाला की 'वेट' करून रिटर्न कोड घ्या आणि बटण पुन्हा चालू करा.

कमांड हजारो ओळी ओकणारी असेल तर एका फेरीत ५००च्या वर घेऊ नका आणि बॉक्समधल्या जुन्या ओळी वरून छाटत राहा.

विंडो हलते, पण आउटपुट येत नाही

आता चाचणीची स्क्रिप्ट चालवा. विंडो मोकळी, बटणं दाबली जातात, पण १० सेकंद बॉक्स कोरा आणि मग दहाही आकडे एकदम. टर्मिनलमध्ये मात्र हीच स्क्रिप्ट सेकंदाला एक आकडा देते. समोर टर्मिनल दिसलं की बरेच प्रोग्राम प्रत्येक ओळ लगेच सोडतात. समोर पाइप असला की काही हजार बाइट साठवून एकदम सोडतात. आपण 'पोपेन'मध्ये 'बफसाइज' १ दिलं तरी फरक पडत नाही. ते आपल्या टोकाचं बफर, म्हणजे साठवणीची जागा. अडलेलं असतं पलीकडे.

कमांड पायथनची असेल तर 'डॅश यू' देऊन चालवा, किंवा 'प्रिंट'मध्ये 'फ्लश' खरा करा. ग्रेपला 'लाइन बफर्ड' पर्याय आहे. लिनक्सवर इतर अनेक प्रोग्रामांपुढे 'एसटीडीबफ डॅश ओएल' लावून काम भागतं, पण स्वतःचं बफर सांभाळणाऱ्या प्रोग्रामवर ते चालत नाही. मग उरतं ते 'पीटीवाय', म्हणजे कमांडला खोटं टर्मिनल दाखवणं. त्याबरोबर रंगांचे कोडही येतात आणि ते गाळावे लागतात, म्हणून मी ते शेवटी काढतो.

टक्केवारीची पट्टी दाखवणाऱ्या कमांडचा वेगळा त्रास आहे. ती एकच ओळ कॅरेज रिटर्नने (ओळीच्या सुरुवातीला परत नेणारं चिन्ह) पुन्हा पुन्हा लिहिते, आणि टेक्स्ट मोडमध्ये पायथन त्याला नवी ओळ समजतं. परिणाम, बॉक्समध्ये शंभर ओळींची रांग. 'नो प्रोग्रेस'सारखा पर्याय असेल तर तो द्या. नसेल तर बाइटमध्ये वाचा आणि कॅरेज रिटर्न दिसला की शेवटची ओळ पुसून नवी लिहा.

थांबवण्याचं बटण

आधी 'टर्मिनेट', दोनतीन सेकंदांत संपली नाही तर 'किल'. ही वाट 'वेट'ने पाहू नका, नाहीतर पुन्हा हँग. 'आफ्टर' लावून 'पोल'ने, कमांड संपली का, हे विचारत राहा. 'शेल' खरा ठेवून, म्हणजे मधल्या शेल प्रोग्राममार्फत, कमांड चालवली असेल तर मरतो तो शेल, खरी कमांड मागे चालूच राहू शकते. म्हणून कमांड यादीच्या रूपात द्या. आणि विंडो बंद करतानाही हेच करा: डीमन थ्रेड स्क्रिप्टबरोबर जातो, सुरू केलेली कमांड त्याच्याबरोबर जाईलच असं नाही.